जँगोमधील स्वयंचलित चाचणी

पायथन भाषेतील जँगो या वेब फ्रेमवर्कच्या समुदायात रुजलेली चाचण्या (कोड आपोआप तपासणारे छोटे कोड) लिहिण्याची, चालवण्याची व शिकवण्याची पद्धत. जँगो जुलै २००५ मध्ये खुले झाले. त्याची जडणघडण कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथील एका वृत्तपत्रात झाली.

वापरकर्त्यांसाठीची चाचणी-यंत्रणा ०.९६ आवृत्तीपासून (मार्च २००७) धरतात. तथापि जँगोच्या स्वतःच्या कोडची तपासणी त्याआधीपासून डॉकटेस्टने (कोडच्या दस्तऐवजातील उदाहरणे चालवून पाहणाऱ्या साधनाने) होत असे, म्हणून परंपरेचा आरंभ २००५ पासूनच मानणे अधिक योग्य वाटते. डॉकटेस्ट व युनिटटेस्ट (वर्गांच्या रूपात चाचण्या लिहिण्याचे साधन) ही दोन्ही मोड्यूल पायथन २.१ मध्ये (२००१) आली. युनिटटेस्टची घडण जावातील जेयुनिटमार्गे स्मॉलटॉक भाषेतील केंट बेक यांच्या एसयुनिट या चाचणी-साधनापर्यंत जाते. एसयुनिटचा काळ निरनिराळा दिला जातो, परंतु साधारणतः १९९० च्या दशकाचा पूर्वार्ध ग्राह्य धरावा. डॉकटेस्ट वाचायला सोपी. पण तिच्या ओळी एकाच स्थितीवर अवलंबून असल्याने एक पायरी चुकली की पुढच्याही कोसळतात. १.६ पासून (२०१३) जँगोने डॉकटेस्ट आपोआप शोधणे थांबवले.

चाचणीसाठी ‘टेस्ट’ हा उपसर्ग लावलेला वेगळा डेटाबेस तयार होतो. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस असल्यास तो मेमरीतच राहतो. पोस्टग्रेस या डेटाबेस-सर्व्हरवर वापरकर्त्याला डेटाबेस निर्माण करण्याची परवानगी नसेल, तर पहिली चाचणी सुरू होण्याआधीच सारे थांबते. ‘टेस्टकेस’ वर्ग प्रत्येक चाचणी एका ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र होणाऱ्या किंवा एकत्र रद्द होणाऱ्या बदलांच्या गटात) गुंडाळून शेवटी रोलबॅक करतो, म्हणजे सारे बदल रद्द करतो. त्याचा वेग यामुळेच, आणि बहुतेक गोंधळही यामुळेच. अपेक्षित इंटिग्रिटी एररनंतर (डेटाबेसचा नियम मोडल्याच्या चुकीनंतर) पुढची क्वेरी चालवली की ट्रान्झॅक्शन मोडल्याची तक्रार येते. एरर देणारी ओळ स्वतंत्र ‘अॅटॉमिक’ ब्लॉकमध्ये (आतल्यापुरत्या ट्रान्झॅक्शनमध्ये) ठेवावी. पोस्टग्रेसमध्ये रोलबॅकने सीक्वेन्स (आयडीचे आकडे देणारा मोजक) मागे जात नाही, म्हणून ‘आयडी १’ गृहीत धरणारी चाचणी एकटी पास होते आणि समूहात फेल. खरा कमिट (बदल कायम करणे) होत नसल्याने ‘ऑन-कमिट’ची (कमिटनंतर करायची) कामेही चालत नाहीत; ३.२ पासून (२०२१) ती पकडून चालवण्याची सोय टेस्टकेसमध्येच आहे. प्रत्यक्ष कमिट तपासायचा असल्यास ‘ट्रान्झॅक्शनटेस्टकेस’ घ्यावा. तो चाचणीनंतर टेबले रिकामी करतो, त्यामुळे मंद असतो, आणि मायग्रेशनने (टेबलांची रचना बदलणाऱ्या फायलींनी) भरलेला मजकूरही पुसला जातो.

हे ज्ञान पसरते ते मुख्यतः दोन वाटांनी. अधिकृत पाठमालेच्या पाचव्या भागात मतचाचणीच्या अॅपमध्ये एक खरी चूक दाखवली आहे: भविष्यातील तारखेचा प्रश्नही ‘नुकताच प्रसिद्ध’ ठरतो. आधी चाचणी लिहून ती फेल होताना पाहायची, मग दुरुस्ती करायची. दुसरी वाट जँगोच्या कोडमध्ये योगदान देण्याची. चाचणी नसलेल्या पॅचच्या (सुचवलेल्या बदलाच्या) तिकिटावर (नोंदीवर) ‘चाचणी हवी’ अशी खूण लागते आणि ती पुरवल्याखेरीज तो सहसा पुढे सरकत नाही. दुरुस्ती काढून पाहिल्यावर चाचणी फेल झाली नाही, तर तिने चूक पकडलेलीच नाही. दुसऱ्या वाटेचा प्रभाव अधिक खोल दिसतो, कारण तेथे शिकणाऱ्याचा कोड जाणकार ओळीओळीने वाचतो.

बाहेरच्या साधनांत पायटेस्ट-जँगो (पायटेस्ट या चाचणी-साधनाला जँगोशी जोडणारे प्लगइन) रूढ आहे. त्यात डेटाबेस वापरणाऱ्या चाचणीवर तशी खूण करावी लागते, एरवी डेटाबेसची वाट बंद असते.