टर्बो सीच्या निळ्या पडद्यामागे: एमुलेटरचा वेग आणि स्थैर्य

लातूर, नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही इंजिनिअरिंग किंवा बीसीएसच्या कॉलेजातली लॅब घ्या. मशीन नवं, विंडोज 64 बिट, आणि पडद्यावर टर्बो सीची ओळखीची निळी खिडकी. टर्बो सी म्हणजे डॉस या विंडोजआधीच्या ऑपरेटिंग सिस्टीमवरचा सी भाषेचा कंपायलर, लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरच्या भाषेत आणणारा. मुलं म्हणतात, ‘टर्बो सी उघडलं’. खरं तर आधी उघडलेला असतो डॉसबॉक्स. म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर, टायमर, कीबोर्ड, साउंड कार्ड हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये उभं करणारा एमुलेटर.

तो मध्ये का आला, याचं कारण प्रोसेसरमध्येच आहे. इंटेलने 1985 साली 386 आणला तेव्हा जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवायची एक खास सोय त्यात ठेवली होती. 32 बिट विंडोज तिच्याच आधारावर डॉसची खिडकी उघडायचं. 2003 साली एएमडीने 64 बिट प्रोसेसर आणले. त्यांच्या 64 बिट अवस्थेत ती सोय उपलब्ध नाही. लॅबमधली मशिनं बदलली, अभ्यासक्रमातला कंपायलर तोच राहिला आणि मधली जागा एमुलेटरने घेतली.

त्या लॅबमधला ठरलेला प्रॅक्टिकल म्हणजे पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाणारी मोटार. गाडी हळू चालावी म्हणून मुलं रिकामा ‘फॉर’ लूप (नुसत्या फेऱ्या मारून वेळ घालवणारा कोड) टाकतात. एका मशिनवर गाडी रांगते, शेजारच्या मशिनवर दिसायच्या आत पडद्याबाहेर जाते. मग हाक येते, ‘सर, गाडीच दिसंना!’ प्रोग्रॅम दोन्हीकडे अक्षरशः एकच असतो. फरक असतो डॉसबॉक्सच्या ‘सायकल्स’ या एका आकड्यात. एका मिलिसेकंदात साधारण किती सूचना चालवायच्या, ते हा आकडा ठरवतो. 3000 ठेवला तर सेकंदाला तीसेक लाख सूचना होतात. ‘मॅक्स’ ठेवला तर एमुलेटर आपल्या प्रोसेसरला झेपेल तेवढं पळतो. तेव्हा लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागतो, आणि मे महिन्यात बेचाळीस अंशांत पंखा घोंघावणं म्हणजे काय ते आपल्याकडे सांगायला नको.

एमुलेटर नुसता वेगवान असून भागत नाही, त्याला वेळेचं भान लागतं. माझ्या मते या विषयाच्या साठ वर्षांच्या इतिहासाचा गाभा हाच आहे.

सुरुवात आयबीएमपासून. 1964 साली कंपनीने सिस्टीम 360 जाहीर केली, तेव्हा हजारो ग्राहकांचे प्रोग्रॅम 1401 या जुन्या यंत्रासाठी लिहिलेले होते. ते सगळे पुन्हा लिहा म्हणणं शक्य नव्हतं. म्हणून नव्या यंत्राच्या मायक्रोकोडमध्येच (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमध्येच) 1401 ची नक्कल बसवली आणि जुना हिशेब नव्या यंत्रावर चालू राहिला. अकरा वर्षांनी, 1975 मध्ये, पॉल ॲलन आणि बिल गेट्स यांनी अल्टेअर या छोट्या कॉम्प्युटरसाठी बेसिक या भाषेचं सॉफ्टवेअर लिहिलं तेव्हा त्यांच्याजवळ अल्टेअर नव्हता. ॲलनने हार्वर्डच्या पीडीपी-10 या मोठ्या कॉम्प्युटरवर अल्टेअरमधल्या इंटेल 8080 प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम तयार केला आणि सगळं काम त्यावर झालं.

पीसीची पूर्ण नक्कल त्यामानाने उशिरा आली. केव्हिन लॉटन यांचा बॉक्स हा एमुलेटर 1994 चा. त्याची पद्धत सरळ होती: एक सूचना वाचायची, तिचा अर्थ लावायचा, ती पार पाडायची, मग पुढची घ्यायची. अशा एमुलेटरमध्ये चूक शोधणं सोपं जातं आणि तो कुठल्याही प्रोसेसरवर चालवता येतो. पण एका सूचनेमागे खऱ्या प्रोसेसरला कित्येक सूचना खर्चाव्या लागतात, त्यामुळे तो संथ.

वेगाचा मोठा टप्पा फाब्रिस बेलार यांच्या क्यूएमूने 2003 मध्ये गाठला. सूचना दरवेळी नव्याने समजून घेण्याऐवजी त्यांचा एक गठ्ठा एकदाच आपल्या प्रोसेसरच्या भाषेत आणायचा, तो साठवून ठेवायचा आणि पुढच्या वेळी तयार गठ्ठा चालवायचा. एका गठ्ठ्यातून थेट दुसऱ्यात उडी मारायची. बेरीज-वजाबाकीनंतरचे फ्लॅग (उत्तर शून्य आलं का, ऋण आलं का अशा खुणा) लगेच न काढता कुणी विचारले तरच काढायचे. या युक्त्यांनी वेग कित्येक पटींनी वाढला.

अस्थिरताही इथूनच आत शिरली. जुने काही प्रोग्रॅम चालता चालता स्वतःच्याच सूचना बदलतात. मेमरीतली मूळ सूचना बदलली आणि साठवलेला गठ्ठा तसाच राहिला, तर एमुलेटर शिळा कोड चालवतो आणि प्रोग्रॅम भलतीकडेच जातो. म्हणून मेमरीच्या ज्या पानांवरून (ठरावीक आकाराच्या तुकड्यांवरून) गठ्ठे केले ती पानं लिहिण्यासाठी बंद ठेवायची, आणि कुणी लिहायला गेलं की ते गठ्ठे रद्द करायचे. हा पहारा फुकट होत नाही, त्याला वेळ जातो. पण तो काढला तर एमुलेटरवर विसंबता येत नाही.

क्यूएमूची पहिली रचना जीसीसी कंपायलरने तयार केलेले कोडचे तुकडे उचलून जोडायची. जीसीसीची चौथी आवृत्ती आली आणि ते तुकडे अपेक्षेप्रमाणे निघेनात. 2008 मध्ये बेलार यांनी टीसीजी हा स्वतंत्र भाषांतरकर्ता लिहिला तेव्हा ही ओढाताण संपली. एकाहून जास्त प्रोसेसरची नक्कल खऱ्या अर्थाने समांतर चालायला मात्र 2017 ची 2.9 ही आवृत्ती यावी लागली. उशीर समजण्यासारखा आहे. दोन कोअर (प्रोसेसरमधली स्वतंत्र केंद्रं) एकाच मेमरीत लिहितात तेव्हा कुणाचं लिहिणं आधी दिसेल याचे नियम एक्स86 चे (पीसीतल्या प्रोसेसरचे) कडक आणि एआरएमचे (बहुतेक मोबाइलमधल्या प्रोसेसरचे) सैल आहेत. तिथे जराही हयगय झाली तर तासन्‌तास व्यवस्थित चाललेली सिस्टीम अचानक हँग होते, आणि तोच बिघाड पुन्हा घडवून दाखवता येत नाही.

वेगानेच प्रोग्रॅम मोडतो याचा नमुना तर एमुलेटरशिवायही घडून गेला. टर्बो पास्कल या दुसऱ्या जुन्या कंपायलरचा ‘सीआरटी’ हा पडदा-कीबोर्ड सांभाळणारा भाग सुरू होताना मोजायचा, की टायमरच्या एका ठोक्यात आपला रिकामा लूप किती वेळा फिरतो. पीसीचा हा ठोका सेकंदाला 18.2 वेळा पडतो, म्हणजे सुमारे 55 मिलिसेकंदांनी. आलेल्या संख्येला तो 55 ने भागायचा. सुमारे 200 मेगाहर्ट्झच्या पुढचे प्रोसेसर आले, भागाकार 16 बिटांत मावेना, आणि काहीही चुकलेलं नसताना ‘रनटाइम एरर 200’ दाखवून प्रोग्रॅम बंद पडू लागले. असे प्रोग्रॅम चालवायचे तर एमुलेटरला मुद्दाम सावकाश ठेवावं लागतं.

आपल्याकडे अस्थिरतेचं आणखी एक कारण आहे: लाईट जाणं. एमुलेटरला डिस्क म्हणून अख्खी इमेज फाइल (पूर्ण डिस्क एकाच फाइलमध्ये) दिली असेल, तर लिहिलेला मजकूर आधी आतल्या सिस्टीमच्या आणि मग बाहेरच्या सिस्टीमच्या कॅशेतून (तात्पुरत्या साठ्यातून) जातो. मध्येच लाईट गेली तर नुकसान एका फाइलपुरतं राहीलच असं नाही, आतल्या डिस्कची सगळी मांडणीच बिघडू शकते. क्यूएमूत डिस्कसाठी ‘अनसेफ’ नावाचा पर्याय आहे. तो वेगवान असतो, कारण ‘आता खरंच डिस्कवर लिही’ ही आतल्या सिस्टीमची विनंती तो मानत नाही. इन्व्हर्टर नसलेल्या लॅबमध्ये तो कुणी वापरू नये. डॉसबॉक्समध्ये साधा फोल्डर जोडून काम केलं तर सेव्ह केलेली फाइल विंडोजच्याच फोल्डरमध्ये जाते. मुलांच्या सबमिशनसाठी तेच बरं.

लॅबइतकंच मला जिल्ह्याच्या गावांतल्या जुन्या छापखान्यांचं पडलंय. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्टचं, म्हणजे कॉम्प्युटरवर भारतीय लिप्या आणण्याचं, काम सी-डॅक या सरकारी संस्थेने पुण्यात पुढे नेलं, आणि डॉसच्या काळात पीसीत जिस्ट कार्ड बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. मजकूर इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या पद्धतीत, साठायचा. 1991 च्या भारतीय मानकानुसार त्यात ‘क’चा आकडा 179 आणि ‘ख’चा 180. हीच फाइल कार्डाची नक्कल नसलेल्या एमुलेटरमध्ये उघडा. पीसीच्या मूळ तक्त्यात 179 म्हणजे उभी रेघ आणि 180 म्हणजे तिला डावीकडून चिकटलेली आडवी रेघ. लग्नपत्रिकेच्या मजकुराजागी नुसत्या रेघा आणि चौकटींचे तुकडे दिसतात. एमुलेटर न अडखळता चाललेला असतो, प्रोसेसर बरोबर, टायमर बरोबर. तरी मराठी वाचता येत नाही.

मजकूर तेवढा वाचवायचा असेल तर इस्कीचं युनिकोड (अक्षरांना आकडे देण्याची आजची पद्धत) करणं अवघड नाही, दोन्हींची रचना जवळची आहे. मात्र तो पडदा आणि ती छपाई जशीच्या तशी हवी असेल तर कार्डाचीच नक्कल लिहावी लागेल, आणि ती खरं कार्ड समोर ठेवूनच लिहिता येईल. पीसीएम आणि 86बॉक्स हे एमुलेटर एकेका मदरबोर्डची नक्कल करतात तेही असंच, मूळ रॉमच्या (बोर्डावरच्या चिपमधल्या कायमच्या सॉफ्टवेअरच्या) प्रती हाताशी ठेवून. तेव्हा ज्यांच्या छापखान्यात असं मशीन अजून सुरू होतं त्यांनी ते भंगारात घालण्याआधी कार्ड, त्याच्यासोबत आलेल्या फ्लॉपी आणि माहितीपुस्तक वेगळं काढून ठेवावं, आणि फ्लॉपींची प्रत आजच करून घ्यावी.