कुलाब्याच्या माश्या आणि बंगळुरूची संस्था

कुलाब्याच्या टोकाला समुद्रालगत उभी असलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, भौतिकशास्त्र आणि गणितासाठी ओळखली जायची. १९६२ साली तिथे रेण्वीय जीवशास्त्राचा, म्हणजे सजीवांचा अभ्यास रेणूंच्या पातळीवर करणारा, विभाग निघाला. होमी भाभांची पद्धत अशी होती की आधी लायक माणूस हेरायचा आणि त्याच्याभोवती विभाग उभा राहू द्यायचा. इथे तो माणूस होता ओबेद सिद्दीकी, वय अवघं तीस. ग्लासगोमध्ये जनुकशास्त्रज्ञ ग्विदो पाँटेकोर्वो यांच्याकडे पीएचडी करून ते अमेरिकेत गेले होते. जनुकात नको त्या जागी ‘थांब’ असा संकेत आला की प्रथिन अर्धवट राहतं. ई. कोलाय जिवाणूचे काही वाण हा संकेत ओलांडून पुढे जाऊ शकतात, हे त्यांनी ॲलन गॅरेन यांच्यासोबत दाखवलं होतं. भौतिकशास्त्र सोडून जीवशास्त्राकडे वळलेल्या लिओ झिलार्ड यांनी भाभांकडे त्यांची शिफारस केली.

राष्ट्रीय पातळीवरची जीवविज्ञान संस्था कशी चालवावी, हा प्रश्न निघाला की मला सिद्दीकी आठवतात. त्यांनी घेतलेले निर्णय कागदावर किरकोळ वाटतात, पण त्यांचे परिणाम अजून दिसताहेत.

त्यातला पहिला निर्णय त्यांच्या स्वतःच्या कामाबद्दलचा. जिवाणूंच्या जनुकशास्त्रात जम बसलेला असताना, चाळिशीच्या आसपास, त्यांनी विषयच बदलला. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत जीवशास्त्रज्ञ सीमोर बेन्झर यांच्यासोबत ते ड्रोसोफिलाकडे वळले. पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारी ती इवलीशी माशी. प्रयोग डोळ्यांनी पाहता येईल इतका सरळ होता. कुपीतलं तापमान अडतीस अंशांच्या आसपास नेलं की जनुकात बदल झालेल्या, म्हणजे उत्परिवर्तित, काही माश्या लुळ्या होऊन तळाशी पडायच्या आणि गारव्यात आणल्या की पुन्हा चालू लागायच्या. एका वाणाला शुद्धीवर यायला बराच वेळ लागे, म्हणून त्याचं नाव पडलं ‘कोमॅटोज’. या माश्यांमध्ये मज्जातंतूंचे विद्युतसंदेश नेमके कुठे अडतात, हे त्यांनी तपासलं आणि १९७६ साली ते काम प्रसिद्ध झालं. ‘कोमॅटोज’मध्ये बिघडलेलं जनुक पुढे नव्वदच्या दशकात ओळखलं गेलं. एका चेतापेशीकडून दुसरीकडे रासायनिक निरोप पोचवणाऱ्या यंत्रणेतलं एक आवश्यक प्रथिन त्या जनुकातून तयार होतं. विभागाचा प्रमुखच नवखा होऊन नव्या विषयात उतरतो, तेव्हा हाताखालच्या तरुणांना न सांगताच कळतं की इथे ठरलेल्या चाकोरीबाहेर पडायला हरकत नाही.

दुसरा निर्णय, दार कुणासाठी उघडायचं याचा. व्हेरॉनिका रॉड्रिग्ज मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या, जन्म केनियातला, शिक्षण युगांडात आणि मग डब्लिनला. सिद्दीकींचं काम वाचून त्यांनी थेट पत्र लिहिलं आणि पीएचडीसाठी त्या मुंबईला आल्या. माशीला चव कशी कळते, हा त्यांचा प्रश्न. एका बशीचे चार भाग करायचे, काही भागांतल्या अगरमध्ये, म्हणजे जेलीसारख्या थरात, साखर घालायची, बाकीचे साधे ठेवायचे, माश्या सोडायच्या आणि कोणत्या भागावर किती बसल्या ते मोजायचं. साखरेच्या जागी कडू क्विनाइनही घालून पाहायचं. ज्या माश्यांची निवड चुकते, त्यांच्या जनुकांत काय बिघडलंय ते शोधायचं. खर्च बेताचा, प्रश्न मोठा. चव आणि वासाच्या जनुकशास्त्रात हे सुरुवातीच्या कामांपैकी एक ठरलं, आणि रॉड्रिग्ज पुढे त्याच विभागाच्या प्रमुख झाल्या. के. विजयराघवन आयआयटी कानपूरचे केमिकल इंजिनिअर. त्यांनाही याच विभागानं जीवशास्त्रज्ञ केलं. आजच्या भरतीच्या जाहिरातींमधली ‘संबंधित विषयातील पदवी’ ही अट पाहिली की या दोघांचं काय झालं असतं, असा विचार मनात येतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला या विभागातूनच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, एनसीबीएस, आकाराला आलं. त्याचा परिसर बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाच्या जीकेव्हीके आवारात उभा राहिला. सिद्दीकी त्याचे संस्थापक संचालक. १९९६ साली त्यांनी सूत्रं विजयराघवन यांच्याकडे दिली आणि ते त्याच संस्थेत आपल्या प्रयोगशाळेत परतले. २०१३ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात त्यांचं निधन होईपर्यंत माशीच्या वासाच्या जाणिवेवर त्यांचं काम चालूच होतं. संस्थापकानं खुर्ची सोडणं आणि तरीही संस्था न सोडणं, या दोन्ही गोष्टी एकत्र जमणं फार अवघड. नव्या संचालकाला पाठीमागून कुणी सुकाणू धरलंय असं वाटता कामा नये आणि जुन्या माणसाची बुद्धीही वाया जाता कामा नये. इथे ते जमलं. विजयराघवन २०१३ पर्यंत, त्यांच्यानंतर सत्यजित मेयर २०२३ पर्यंत, अशा लांबलचक कारकिर्दी संस्थेला मिळाल्या. आपल्याकडे कितीतरी संस्थांची संचालकपदं महिनोन्‌महिने ‘अतिरिक्त कार्यभारा’वर चालतात. अशा प्रभारी माणसाला सही करता येते, पण दहा वर्षांनी फळ देणारा विषय सुरू करण्याचं बळ त्याच्यात कुठून येणार?

हे झालं माणसांचं. राष्ट्रीय केंद्र म्हटलं की सगळ्यांनी मिळून वापरायच्या सुविधाही आल्या, आणि नेतृत्वाची खरी परीक्षा मला तिथेच दिसते. या परिसरात फ्लाय फॅसिलिटी आहे. देशभरातल्या प्रयोगशाळांना ती माश्यांचे वाण पुरवते, हवं ते जनुक सूक्ष्म सुईनं अंड्यात सोडून नव्या माश्याही तयार करून देते. जिवाणूंचा वाण गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येतो. माशीचं तसं नाही, तिचा वाण नेहमीच्या पद्धतीत जिवंतच सांभाळावा लागतो. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर शिजवून खाद्य करायचं, ते कुप्यांमध्ये ओतायचं, अठरा अंशांच्या खोलीत ठेवायचं आणि दर काही आठवड्यांनी प्रत्येक कुपीतल्या माश्या ताज्या खाद्यावर उतरवायच्या. दिवाळी असो, संप असो, टाळेबंदी असो. लेबल चुकलं किंवा कुपीत बुरशी अथवा किडे शिरले, तर कुणाच्या तरी पीएचडीची तीन वर्षं गेलीच म्हणून समजा.

हे काम करणाऱ्या माणसाचं नाव शोधनिबंधाच्या लेखकांत क्वचितच येतं. त्याची बढती शोधनिबंध मोजून ठरवली तर तो कायम मागेच राहणार, आणि कंत्राटावर ठेवला तर शिकून तयार झाला की निघून जाणार. गोठवलेल्या प्रथिनांची रचना दाखवणाऱ्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासारख्या कोट्यवधींच्या यंत्राचंही तेच. खरेदीसाठी अनुदान मिळतं, उद्‌घाटनाचा फोटो निघतो. पाचव्या वर्षी एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे आणि यंत्राच्या खोडी ओळखणारा तंत्रज्ञ कसा टिकवायचा, हे सोडवायला संचालकाला अर्थखात्याशी भांडावं लागतं.

म्हणून संचालक निवडणाऱ्या समितीनं उमेदवाराच्या शोधनिबंधांच्या यादीसोबत आणखी दोन गोष्टी मागवाव्यात असं मला वाटतं. त्याच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडून स्वतंत्र विषय उभे करणाऱ्यांची नावं, आणि त्याच्या विभागातले तंत्रज्ञ किती वर्षं टिकले त्याचा तक्ता.