माल सहाशे किलो, मग बिल 5.69 टनांचं कसं?

न्हावा शेवाहून एलसीएलने, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधून, माल पाठवणाऱ्या आमच्या ग्राहकांचे निम्मे फोन याच प्रश्नाचे असतात. दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढलं.

समुद्री भाड्यातला टन हा तराजूवरचा टन नव्हे. 1000 किलो किंवा 1 घनमीटर (आपला सीबीएम), दोन्हींत जो आकडा मोठा भरेल त्यावर भाडं. कोल्हापूरच्या फाउंड्रीतलं कास्टिंग एका सीबीएमला दोन टन सहज भरतं, तिथे वजन चालतं. त्याच कोल्हापूरच्या चपला वजनाला हलक्या, पण जागा खातात, तिथे सीबीएम.

हा नियम आम्ही काढलेला नाही. जहाजाचा टन मुळातच जागेचा आहे. इंग्लंडात जहाजात दारूची किती मोठी पिंपं मावतात त्यावरून जहाज मापत, त्या ‘टन’ नावाच्या पिंपावरून हा शब्द आला. 1854च्या ब्रिटिश कायद्याने 100 घनफूट म्हणजे एक टन असं ठरवलं. आपल्याकडेही गलबत अमुक खंडीचं म्हणत, आणि खंडी हे धान्याचं मापही होतं, वजनही. 1969च्या आंतरराष्ट्रीय करारापासून जहाजाचं ‘ग्रॉस टनेज’ हा त्याच्या सगळ्या बंदिस्त जागेवरून सूत्राने काढलेला निव्वळ आकडा आहे, त्याला एकक नाही. 2021 साली सुएझ कालव्यात अडकलेलं ‘एव्हर गिव्हन’ घ्या. ग्रॉस टनेज सुमारे 2 लाख 20 हजार, पण माल, इंधन, पाणी सगळं धरून ते उचलतं सुमारे 2 लाख टन. त्या वजनाला डेडवेट म्हणतात. तेव्हा ‘एवढं मोठं जहाज, माझी चार खोकी जड झाली का?’ असं विचारू नका. खोकी जड नाहीत, ती जागा अडवतात.

आता खरी अडचण. बुकिंग करताना बहुतेक जण खोक्याच्या कारखान्याने छापलेलं माप कळवतात. समजा 60×40×40 सेंमीची 48 खोकी, म्हणजे 4.61 सीबीएम. पण चपला ठासून भरल्या की खोकं फुगतं. प्रत्येक बाजूला फक्त दोन सेंमी वाढले, 62×42×42 झालं, तरी बेरीज 5.25वर जाते. मग ती तीन पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या फळ्यांवर, चार-चार थरांत रचली आणि पॅलेटची 14 सेंमी उंची धरली की 5.69. सीएफएसमध्ये, म्हणजे माल कंटेनरमध्ये भरतात त्या बंदराजवळच्या गोदामात, टेप लागते ती याच मालाला, सर्वांत बाहेर आलेल्या टोकाला. आकडे जुळत नाहीत, बीएलचा (जहाज कंपनीच्या माल-पावतीचा) मसुदा बदलावा लागतो, स्टफिंगचा, म्हणजे कंटेनर भरायचा, आराखडा कोलमडतो, कटऑफ, म्हणजे माल देण्याची शेवटची वेळ, निघून जातो आणि माल पुढच्या जहाजावर. एखाद्या सीबीएमच्या जादा भाड्याहून हा वाया गेलेला आठवडा महाग पडतो.

‘फुगवट्याचे पैसे कसले घेता?’ असं एका जुन्या ग्राहकाने रागाने विचारलं होतं. त्या फुगवट्याशेजारच्या फटीत दुसऱ्याचं खोकं बसत नाही, म्हणून. गोल ड्रमलाही आम्ही चौकोनातच मोजतो. जहाजाच्या खणाचीसुद्धा दोन मापं असतात: सुट्या धान्याचं मोठं, कारण दाणे फासळ्यांच्या मधल्या सांदीतही शिरतात, गाठी-पेट्यांचं लहान, कारण त्या तिथे शिरत नाहीत.

कंटेनरचंही तसंच. 20 फुटीत कागदावर 33 सीबीएम, रचून प्रत्यक्षात 25 ते 28. तुमचा माल 14-15 सीबीएमच्या पुढे गेला तर आम्हाला एकदा विचारा; पूर्ण कंटेनर कधी कधी स्वस्त पडतो आणि तसं असेल तर आम्ही स्वतःहून सांगतो, आमचा एलसीएलचा धंदा बुडाला तरी.

माप घ्यायचं ते पट्ट्या आवळून, पॅलेटवर चढवून झाल्यावर, लांबी-रुंदी-उंची तिन्ही ठिकाणी सर्वांत फुगलेल्या जागी. पॅलेट नको असेल तर आधीच कळवा. भिवंडी आणि तळोज्यातल्या गोदामांत आमचा माणूस टेप घेऊन येतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. टेपसकट फोटो बुकिंगसोबत जोडले जातात. सीएफएसच्या मापावर वाद झाला तर तेच फोटो आम्ही पुढे करतो.