स्विचिंग पॉवर कन्व्हर्टरमधील प्रवाहमापनाची अचूकता

स्विचिंग पॉवर कन्व्हर्टरमध्ये मॉस्फेटसारखे स्विच सेकंदाला हजारो ते लाखो वेळा चालू-बंद करून एका विद्युत् दाबाचे दुसऱ्या विद्युत् दाबात रूपांतर केले जाते. अशा मंडलातील नियंत्रण, अतिप्रवाहापासूनचे संरक्षण आणि समांतर फेजांमधील (एकत्र भार वाहणाऱ्या शाखांमधील) भाराची समान वाटणी या गोष्टी प्रवाहाच्या मोजमापावर अवलंबून असतात. मोजायचा संकेत मात्र काही मिलिव्होल्टांचा असतो आणि त्याच्या शेजारीच स्विच नोडवरचा, म्हणजे स्विच आणि इंडक्टर (तारेचे वेटोळे) जिथे जोडले जातात त्या बिंदूवरचा, दाब दर आवर्तनात अनेक व्होल्टांनी वरखाली होत असतो. त्यामुळे मापनातील चूक पुष्कळदा मोजणाऱ्या आयसीत (चिपमध्ये) नसते. ती आयसीपर्यंत येणाऱ्या वाटेतच शिरलेली असते.

सर्वांत रूढ साधन म्हणजे प्रवाहाच्या मार्गात एकसरीत जोडलेला अत्यल्प रोधाचा शंट. १ मिलिओहमच्या शंटमधून २० अँपिअर प्रवाह गेला, तर त्यावर २० मिलिव्होल्ट मिळतात आणि ०.४ वॅट शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. रोध दहापट केल्यास संकेत दहापट होतो, पण उष्णताही ४ वॅटपर्यंत जाते. म्हणून शंट लहान ठेवून ॲम्प्लिफायर चांगला निवडणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. २० मिलिव्होल्टांपुढे ०.२ मिलिव्होल्टचा ऑफसेट (संकेत शून्य असतानाही ॲम्प्लिफायरमुळे दिसणारा दाब) म्हणजे १ टक्का चूक, आणि प्रवाह २ अँपिअरवर आला की तोच ऑफसेट १० टक्क्यांची चूक घडवतो. शून्याजवळच्या मापनासाठी चॉपर पद्धतीचे, स्वतःचा ऑफसेट स्वतःच दुरुस्त करणारे ॲम्प्लिफायर वापरतात, ते यासाठीच.

शंटची जोडणी हा अचूकतेतील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पीसीबीवरील (छापील मंडलपट्टीवरील) ३५ मायक्रोमीटर जाडीच्या तांब्याच्या पट्टीत जितकी रुंदी तितकीच लांबी घेतली, तर त्या चौरसाचा रोध सुमारे ०.५ मिलिओहम भरतो. मापनाच्या तारा शंटच्या टोकापासून जराशा दूर जोडल्या आणि मध्ये चौरसाचा पाचवा भाग जरी राहिला, तरी १ मिलिओहममध्ये ०.१ मिलिओहमची, म्हणजे १० टक्क्यांची भर पडते. ही भर कॅलिब्रेशनने (ज्ञात प्रवाहाशी ताडून केलेल्या दुरुस्तीने) पूर्णपणे काढता येत नाही, कारण तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. यावरचा उपाय म्हणजे लॉर्ड केल्व्हिन यांच्या नावाने ओळखली जाणारी चार टोकांची जोडणी : मुख्य प्रवाह दोन टोकांतून वाहतो आणि दाब मोजणाऱ्या वेगळ्या दोन तारा पॅडच्या (शंट झाळण्याच्या तांब्याच्या जागेच्या) आतल्या कडेपासून निघून एकमेकींना लगटून ॲम्प्लिफायरपर्यंत जातात. डेटाशीटवर छापलेली १ टक्का अचूकता उत्पादकाने सुचवलेल्या पॅडच्या आकारावरच मिळते, हे लक्षात न घेतल्याने अनेकदा उगीचच महाग शंट विकत घेतला जातो.

शंटच्या धातूलाही महत्त्व आहे. तांबे, मँगॅनीज व निकेल यांच्यापासून बनवलेल्या मँगॅनिनचा रोध तापमानानुसार फारच कमी बदलतो आणि तांब्याशी जोडल्यावर त्याचे औष्णिक विद्युत् दाबही अल्प राहतात. तांबे व कॉन्स्टंटन (तांबे-निकेलचा मिश्रधातू) यांच्या सांध्यावर मात्र दर अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट निर्माण होतात. शंटच्या दोन टोकांत १० अंशांचा फरक पडला, तर २० मिलिव्होल्टांच्या संकेतात २ टक्के चूक येते.

वेगाने बदलणाऱ्या प्रवाहात शंटचे स्वतःचे प्रवर्तकत्वही (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुणधर्म) बोलू लागते. १२ व्होल्टांच्या बक (दाब कमी करणाऱ्या) कन्व्हर्टरमध्ये १ मायक्रोहेन्री इंडक्टरसोबत जोडलेल्या शंटचे प्रवर्तकत्व केवळ १ नॅनोहेन्री असले, तरी प्रत्येक स्विचिंगला संकेतात १२ मिलिव्होल्टांची पायरी दिसते. ऑसिलोस्कोपवर अपेक्षित त्रिकोणी लहरीऐवजी जवळपास चौकोनी लहर उमटते. प्रवर्तकत्व भागिले रोध, म्हणजे १ मिलिओहमच्या शंटसाठी १ मायक्रोसेकंद, एवढ्याच कालांकाचा आरसी (रोधक-कपॅसिटर) फिल्टर लावला की ही पायरी नाहीशी होते. दोन्ही तारांत १० ओहमचा एकेक रोधक आणि त्यांच्यामध्ये ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर यासाठी पुरतो. रोधक याहून फार मोठे घेऊ नयेत. ॲम्प्लिफायरचा इनपुट प्रवाह त्यांतून वाहून नवी चूक निर्माण करतो.

शंट न लावता इंडक्टरच्या वेटोळ्याच्या रोधावरूनही प्रवाह मोजता येतो. त्यात जादा शक्ती खर्च होत नाही, पण वेटोळे तांब्याचे असल्याने तापमान ६० अंशांनी वाढले की वाचन सुमारे २३ टक्क्यांनी फुगते. त्यासाठी लावलेला थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा रोधक) इंडक्टरला अगदी चिकटून असला तरच भरपाई खरी होते. मॉस्फेटच्या चालू-रोधावरून मोजणे याहून ढोबळ असते. ते संरक्षणापुरते ठीक. प्रवाहाच्या चुंबकीय क्षेत्रावरून मोजणाऱ्या हॉल संवेदकाने विद्युत्-विलगता (मोजणारे मंडल मुख्य मंडलाला थेट न जोडणे) मिळते, मात्र त्याचा ऑफसेट तापमानाबरोबर सरकतो.

डिजिटल नियंत्रणात प्रवाहाचा नमुना केव्हा घेतला यालाही तितकेच महत्त्व आहे. स्विच चालू-बंद होण्याच्या वेळा ठरवणाऱ्या त्रिकोणी वाहक लहरीच्या शिखरावर किंवा तळाशी नमुना घेतल्यास तो स्विचिंगच्या कडांपासून दूर पडतो आणि लहरीचे सरासरी मूल्य थेट हाती येते. फिल्टरने लहर उशिरा पोहोचत असेल, तर नमुन्याची वेळही तेवढीच पुढे ढकलावी लागते. हलक्या भारावर इंडक्टरचा प्रवाह आवर्तन संपण्याआधीच शून्यावर येऊन थांबतो, तेव्हा मात्र मध्यबिंदूवरील नमुना खऱ्या सरासरीपेक्षा मोठा निघतो आणि प्रवाह वाहत असलेल्या काळाच्या प्रमाणात त्याला कमी करून घ्यावे लागते.