हौशी मुष्टियुद्धातील यश आणि व्यावसायिक कारकीर्द

हौशी मुष्टियुद्धात नाव कमावलेला खेळाडू पैशासाठी लढणाऱ्यांच्या रिंगमध्ये उतरतो, तेव्हा त्याचे आधीचे यश तिथे किती आणि कोणत्या रूपाने कामी येते, हा या खेळातला जुना वादाचा प्रश्न आहे. रिंग तीच, ठोसे तेच; पण लढतीची लांबी, गुण देण्याची रीत, वजन करण्याची वेळ, प्रतिस्पर्धी ठरवण्याची पद्धत आणि पैशाचा व्यवहार हे सारे बदलते. त्यामुळे पदकाच्या रंगावरून पुढची कारकीर्द सांगता येत नाही. लहानपणापासून अंगात मुरलेले अंतराचे भान, पायांची हालचाल आणि समोरच्याचा डाव ओळखण्याची सवय मात्र शेवटपर्यंत साथ देते. पदक आणि हे शिक्षण यांची गल्लत झाली, की सुवर्णविजेत्यांकडून अवाजवी अपेक्षा धरल्या जातात.

दोन खेळांमधला फरक

ऑलिम्पिकमधली लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, म्हणजे एकूण नऊ मिनिटांची असते. व्यावसायिक नवोदित चार किंवा सहा फेऱ्यांपासून सुरुवात करतो आणि जागतिक किताबाची लढत पुरुषांत बारा फेऱ्यांची, म्हणजे छत्तीस मिनिटांची असते. पूर्वी ती पंधरा फेऱ्यांची असे. 1982 मध्ये रे मॅन्चिनीविरुद्धच्या लढतीनंतर दक्षिण कोरियाच्या किम डुक-कूचा मृत्यू झाला आणि त्यानंतर संघटनांनी एकेक करून फेऱ्या कमी केल्या. नऊ मिनिटांत पहिल्या घंटेपासून वेग ठेवावा लागतो. एक फेरी हातची गेली तर ती भरून काढायला वेळच उरत नाही. बारा फेऱ्यांत सुरुवातीच्या दोन-तीन फेऱ्या प्रतिस्पर्ध्याला जोखण्यासाठी सोडता येतात, बरगड्यांवर ठोसे मारत राहून त्याचे पाय जड करता येतात, दमल्यावर मिठी घालून श्वास मिळवता येतो. पोटावर व बरगड्यांवर मारलेल्या ठोशांचे फळ सातव्या-आठव्या फेरीत दिसते. हौशी लढतीत ती फेरी येतच नाही, म्हणून अनेक हौशी खेळाडूंचा हा भाग कच्चा राहतो.

गुणपद्धतीचा परिणाम याहून खोल गेला. 1988 च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनियरने अंतिम लढतीत पार्क सी-हुनला स्पष्टपणे निष्प्रभ केले, तरी निकाल 3-2 असा यजमान देशाच्या पार्कच्या बाजूने लागला. त्याच स्पर्धेतला सर्वोत्तम शैलीचा वॅल बार्कर चषक मात्र जोन्सला मिळाला! अशा निकालांना आळा घालण्यासाठी 1992 पासून ऑलिम्पिकमध्ये संगणकीय गुणमोजणी आली. पाचपैकी तीन पंचांनी जवळजवळ एकाच क्षणी बटण दाबले, तरच गुण. हेतू चांगला होता. पण या पद्धतीत डोक्यावर लांबून बसलेला, सर्वांना दिसणारा सरळ ठोसा फायद्याचा ठरला आणि जवळून मारलेले ठोसे, सलग मालिका, शरीरावरचा मारा वाया जाऊ लागला. ठोसा मारून झटकन मागे सरकण्याची शैली त्यातून रुजली. या पद्धतीत दोन दशके घडलेल्या खेळाडूंना व्यावसायिक झाल्यावर पाय रोवून, वजन टाकून मारणे नव्याने शिकावे लागले. 2013 मध्ये हौशी संघटनेने व्यावसायिकांसारखी, फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण देण्याची पद्धत स्वीकारली आणि वरिष्ठ पुरुषांचे हेडगार्डही (डोक्यावरचे संरक्षक आवरण) काढले. दोन्ही खेळ इतके जवळ यापूर्वी क्वचितच आले होते.

बाकीचे फरक लहान दिसतात, पण रिंगमध्ये जाणवतात. व्यावसायिक हातमोजे हलके असतात: साधारणपणे वेल्टरवेट या मधल्या वजनगटापर्यंत 8 औंस आणि वरच्या गटांत 10 औंस, हौशींचे 10 आणि 12. हौशी खेळाडूचे वजन स्पर्धेतल्या लढतीच्या दिवशी सकाळी होते, व्यावसायिकाचे बहुधा आदल्या दिवशी. त्या अवधीत पाणी आणि अन्न घेऊन व्यावसायिक कित्येक किलोंनी जड होऊन रिंगमध्ये येऊ शकतो.

पदकाची बाजारातली किंमत

पदक खेळाडूला पहिल्या दिवसापासून नाव, दूरचित्रवाणीवरची वेळ आणि करार करताना वजन मिळवून देते. कॅशस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली, 1960 मध्ये रोमहून लाइट हेवीवेटचे सुवर्ण घेऊन परतला, तेव्हा त्याच्या लुइव्हिल शहरातील अकरा उद्योजकांनी मंडळ स्थापून त्याचा खर्च उचलला. करारावर सही करताना त्याला 10,000 डॉलर मिळाले. 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकचा लाइट वेल्टरवेट विजेता शुगर रे लेनर्ड त्याहून हुशारीने वागला. कोणा प्रमोटरशी, म्हणजे लढती भरवणाऱ्याशी, दीर्घ करार न करता त्याने स्वतःची कंपनी काढली, ओळखीच्यांकडून भांडवल उसने घेतले आणि पहिल्या लढतीच्या मानधनातून ते फेडूनही टाकले. माझ्या मते हौशी यशाचा व्यावसायिक जगात इतका समंजस वापर फार थोड्यांनी केला आहे.

हौशी स्पर्धेत सोडत निघते आणि समोर येईल त्याच्याशी लढावे लागते. दोन आठवड्यांत चार-पाच वेगवेगळ्या शैली पार कराव्या लागतात. व्यावसायिक जगात प्रतिस्पर्धी निवडला जातो. पदकविजेत्याला सुरुवातीला अनुभवी पण मर्यादित वकुबाचे लढवय्ये दिले जातात. असे लढवय्ये हरण्याची शक्यता मान्य करून मानधनासाठी लढतात आणि नवोदिताला काही ना काही शिकवून जातात. प्रतिस्पर्धी ठरवणाऱ्या मॅचमेकरचे खरे कसब इथेच लागते. फार सोपे प्रतिस्पर्धी दिले तर विजयांचा आकडा फुगतो आणि शिक्षण थांबते. फार लवकर कठीण दिला तर गुंतवणूक बुडते. क्लेला जगज्जेत्या सनी लिस्टनसमोर उभे करण्याआधी 19 लढती दिल्या गेल्या, लेनर्डला जगज्जेत्या विल्फ्रेड बेनिटेझआधी 25, तर 1968 चा सुवर्णविजेता जॉर्ज फोरमन 1973 मध्ये जगज्जेत्या जो फ्रेझरला भिडला तो 37 विजयांनंतर. फ्रेझर स्वतः 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकचा विजेता होता. आजचे खेळाडू याहून लवकर किताबापर्यंत पोहोचतात, त्यामागे चार मान्यताप्राप्त संघटनांचे चार वेगवेगळे पट्टे, म्हणजे जागतिक किताब, हेही एक कारण आहे.

घाई किती महाग पडते, हे पीट रॅडमाखरने दाखवले. 1956 चा हा ऑलिम्पिक हेवीवेट विजेता 1957 मध्ये आपल्या पहिल्याच व्यावसायिक लढतीत थेट जगज्जेत्या फ्लॉइड पॅटरसनसमोर गेला. दुसऱ्या फेरीत त्याने पॅटरसनला खाली पाडले, पण पुढे स्वतः वारंवार खाली पडून सहाव्या फेरीत नॉकआउट झाला. पॅटरसनचीही सुरुवात ऑलिम्पिकमधूनच झाली होती: 1952 चे मिडलवेट सुवर्ण आणि 1956 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हेवीवेट किताब. लिऑन स्पिंक्सची घाई उलट यशस्वी झाली. 1978 मध्ये त्याने आठव्याच लढतीत अलीला हरवले. पण सात महिन्यांनी किताब परत गेला आणि तो पुन्हा त्याच्या हाती लागला नाही.

सुवर्ण, रौप्य आणि पदकाविना

1976 चा अमेरिकी संघ हा या विषयाचा उत्तम पाठ आहे. त्या संघातले लेनर्ड, लिऑन आणि मायकेल स्पिंक्स व लिओ रँडॉल्फ हे सुवर्णविजेते पुढे व्यावसायिक जगज्जेते झाले. पण त्या स्पर्धेत सर्वोत्तम शैलीचा वॅल बार्कर चषक मिळाला होता हॉवर्ड डेव्हिस ज्युनियरला. हात आणि पाय सर्वांत चपळ असलेल्या या खेळाडूने तीनदा जागतिक किताबासाठी झुंज दिली आणि तिन्ही वेळा तो हरला. त्याची गती नऊ मिनिटांसाठी अतुलनीय होती. 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकचा सुपर हेवीवेट विजेता ब्रिटनचा ऑड्ली हॅरिसन 29 व्या वर्षी व्यावसायिक झाला, त्याला मोठा दूरचित्रवाणी करार मिळाला. पण एकमेव जागतिक किताबाच्या लढतीत, 2010 मध्ये, डेव्हिड हेने त्याला तिसऱ्या फेरीत संपवले. भारताचा विजेंदर सिंगही 2008 च्या बीजिंग कांस्यपदकानंतर सात वर्षांनी, 29 व्या वर्षी व्यावसायिक झाला. त्याने पहिल्या बाराही लढती जिंकल्या आणि आशिया पॅसिफिक पातळीचा किताब मिळवला. मात्र जागतिक किताबाच्या लढतीपर्यंत तो पोहोचला नाही. इतक्या उशिरा आलेल्याला नवी शैली शिकायला आणि हळूहळू वर चढायला वर्षेच कमी मिळतात.

उलट बाजूही तितकीच भक्कम आहे. सोलच्या अंतिम लढतीत लेनॉक्स लुइसकडून हरलेला रिडिक बो 1992 मध्ये लुइसच्या आधी जगज्जेता झाला. 1996 मध्ये कांस्यपदकावर थांबलेला फ्लॉइड मेवेदर ज्युनियर 50 लढतींत अपराजित राहून निवृत्त झाला. 1984 च्या अमेरिकी संघासाठी हेन्री टिलमनने तरुण माइक टायसनला मागे टाकले आणि सुवर्णही जिंकले; पण दोनच वर्षांनी टायसन सर्वांत तरुण हेवीवेट जगज्जेता झाला आणि 1990 मध्ये त्याने टिलमनला पहिल्याच फेरीत बाद केले. टायसनचा अंगावर धावून जाणारा खेळ हौशी पंचांपेक्षा व्यावसायिक रिंगला साजेसा होता. मेक्सिकोसारख्या देशांत तर हौशी टप्पा लवकर आटोपण्याचीच परंपरा आहे. सॉल 'कॅनेलो' अल्वारेझ पंधराव्या वर्षीच व्यावसायिक झाला.

ज्यांना संधी मिळाली नाही, ज्यांना उशिरा मिळाली

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले अनेक महान हौशी मुष्टियोद्धे समाजवादी देशांतले होते आणि त्यांना व्यावसायिक होण्याची मुभाच नव्हती. 1948, 1952 आणि 1956 अशी तीन सुवर्णपदके मिळवणाऱ्या हंगेरीच्या लास्लो पापला 1957 मध्ये अपवाद म्हणून परवानगी मिळाली. तो युरोपचा मिडलवेट विजेता झाला. 29 लढतींत 27 विजय, 2 बरोबरी, एकही पराभव नाही. जागतिक किताबाची लढत दृष्टिपथात आली असतानाच सरकारने परवानगी काढून घेतली. या खेळाच्या इतिहासातला हा सर्वांत चटका लावणारा अन्याय म्हणावा लागेल. क्यूबाच्या तेओफिलो स्टीव्हनसनने 1972 ते 1980 या काळात तीन सुवर्णपदके जिंकली, अलीशी लढण्याचे भरघोस प्रस्ताव नाकारले आणि तो मायदेशीच राहिला. त्या लढतीचा निकाल काय लागला असता, यावर आजही तावातावाने बोलले जाते.

देश सोडून आलेल्या क्यूबन खेळाडूंच्या कारकिर्दी संमिश्र आहेत. दोन सुवर्णपदकांचा धनी गिलेर्मो रिगोंडो 2009 मध्ये बाहेर पडला आणि त्याने 2013 मध्ये नोनितो डोनेरला हरवून दोन किताब एकत्र केले. बचावात त्याची बरोबरी करणारे फार थोडे. पण सावध शैलीमुळे प्रेक्षक आणि प्रमोटर दोघेही त्याच्यापासून दूर राहिले. व्यावसायिक जगात जिंकणे पुरत नाही, तिकिटे खपावी लागतात, हे हौशी खेळाडूला कोणी शिकवलेले नसते. 2012 व 2016 चा सुवर्णविजेता रोबेसी रामिरेझ 2019 मध्ये चार फेऱ्यांच्या पदार्पणातच खाली पडला आणि हरला. प्रशिक्षक बदलून, वर्षभराने त्याच प्रतिस्पर्ध्याला हरवून त्याने 2023 मध्ये जागतिक किताब मिळवला. क्यूबाने 2022 मध्ये आपल्या खेळाडूंना व्यावसायिक लढतींची परवानगी दिली, पण तोवर एक अख्खी पिढी वयाने पुढे गेली होती.

सर्वांत अभ्यसनीय उदाहरण युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोचे आहे. दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके, हौशी लढतींत 396 विजय आणि एकच पराभव, असा त्याचा विक्रम. दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत, मार्च 2014 मध्ये, तो ओर्लांदो सालिदोसमोर किताबासाठी उभा राहिला. बारा पराभव पाठीशी असलेल्या सालिदोने वजनाची मर्यादाही पाळली नव्हती. त्याने रेटारेटी केली, मिठ्या मारल्या, कंबरेखाली ठोसे दिले आणि पंचांच्या दोन विरुद्ध एक अशा निकालाने तो जिंकला. कौशल्यात लोमाचेन्को कितीतरी सरस होता. व्यावसायिक रिंगचा धूर्तपणा त्याला तिथे प्रथमच कळला. पुढच्याच लढतीत गॅरी रसेल ज्युनियरला हरवून त्याने किताब घेतला. त्याचा मित्र आणि 2012 चा हेवीवेट सुवर्णविजेता ओलेक्सांद्र उसिक याने अधिक सबुरीने पावले टाकली: 2016 मध्ये दहाव्या लढतीत क्रूझरवेटचा (हेवीवेटच्या खालचा गट) पहिला किताब, 2018 मध्ये त्या गटातले चारही पट्टे आणि 2024 मध्ये टायसन फ्युरीला हरवून हेवीवेटचेही चारही. या दोघांनी वर्ल्ड सिरीज ऑफ बॉक्सिंग या 2010 मध्ये सुरू झालेल्या स्पर्धेत पाच फेऱ्यांच्या, बनियन आणि हेडगार्ड नसलेल्या लढती आधीच लढल्या होत्या. असा मधला टप्पा फार उपयोगी पडतो.

महिला मुष्टियुद्ध

महिलांचे मुष्टियुद्ध 2012 मध्ये ऑलिम्पिकमध्ये आले आणि तिथून व्यावसायिक यशाकडे जाणारी वाट पुरुषांपेक्षा सरळ निघाली. महिलांच्या किताबाच्या लढती सामान्यतः दोन मिनिटांच्या दहा फेऱ्यांच्या असतात. वेग आणि ठोशांची संख्या यांना तिथे हौशी लढतीइतकेच मोल असते. शिवाय व्यावसायिक महिलांची फळी तेव्हा विरळ होती. 2012 व 2016 ची विजेती क्लॅरेसा शील्ड्स चौथ्याच लढतीत जगज्जेती झाली, तर 2012 ची विजेती आयर्लंडची केटी टेलर सातव्या लढतीत. 2019 मध्ये टेलरने लाइटवेटचे चारही पट्टे मिळवले.

उलट दिशेचा प्रवास

2016 च्या रिओ ऑलिम्पिकपासून व्यावसायिकांनाही ऑलिम्पिकची दारे उघडली. हौशी मुले धोक्यात येतील अशी भीती तेव्हा व्यक्त झाली होती. प्रत्यक्षात तिघेच उतरले आणि पदक एकालाही मिळाले नाही. माजी जगज्जेता हसन एनदाम पहिल्याच लढतीत ब्राझीलच्या हौशी खेळाडूकडून हरला. बारा फेऱ्यांची सवय असलेल्याला नऊ मिनिटांत जम बसवणे जमले नाही. भारताचा विकास कृष्णनही व्यावसायिक लढती लढून टोकियो ऑलिम्पिकसाठी हौशी गटात परतला होता. ऑलिम्पिक समितीने 2023 मध्ये जुन्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता काढून घेतल्याने हा खेळ ऑलिम्पिकमध्ये राहणार की नाही, याबद्दल काही काळ शंका होती. 2025 मध्ये वर्ल्ड बॉक्सिंग या नव्या संघटनेला तात्पुरती मान्यता मिळाली आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये मुष्टियुद्धाचा समावेश झाला.