अनोळखी रायफल हातात आली तर
(आमच्या एअर रायफल रेंजवर सरावाला येणारी मुलं-मुली आणि त्यांच्या पालकांसाठी)

आर्वी, पुलगाव, धामणगावकडून आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांकडे स्वतःची रायफल नसते. स्पर्धेची चांगली एअर रायफल लाखांच्या घरात जाते, कपाशीच्या भरवशावर चालणाऱ्या घराला ती कशी परवडणार? मग स्पर्धेला गेलं की मिळेल ती रायफल घ्यावी लागते, आणि सरावात छान मारणारा मुलगा तिथे नुसता ती उघडायची लिव्हर शोधत बसतो. म्हणून दर रविवारी सकाळी आम्ही फक्त रायफल बदलण्याचा सराव घेतो. त्याची वेगळी फी नाही.

सुरुवात रिकाम्या रायफलने. नळी टार्गेटकडे, बोट चापाबाहेर. समोरच्याने "रिकामी आहे" म्हटलं तरी स्वतः उघडून डोळ्यांनी बघायचं, याला आमच्याकडे सूट नाही. मग ती कशाने उघडते, छर्रा कुठे बसतो, नीट बंद झाली हे कसं कळतं आणि सेफ्टी कुठे आहे, हे हाताने चाचपून प्रशिक्षकांना सांगायचं. सांगता आलं की छर्रे मिळतात.

साधी स्प्रिंगची एअरगन नळी बिजागरीवर खाली वाकवून भरतात. छर्रा ठेवेपर्यंत दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवा. चुकून चाप ओढला गेला तर नळी जोरात वर येते आणि बोटं सापडतात. बाजूच्या किंवा खालच्या लिव्हरची असेल तर लिव्हर तशीच धरायची. स्प्रिंगच्या रायफलचा चाप रिकामा ओढू नका, पिस्टन आपटून आतलं सील खराब होतं.

हवा भरलेल्या सिलिंडरच्या म्हणजे पीसीपी रायफलला जोर लागत नाही. सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो, म्हणून मे महिन्यात ती बंद गाडीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका. यातल्या स्पर्धेच्या बहुतेक रायफलींना रिकाम्या सरावाची, म्हणजे छर्रा न भरता चाप ओढण्याची सोय असते. ती लावून आम्ही आधी बघून आणि मग डोळे मिटून उघड-बंद करायला लावतो. दहा मीटरच्या स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉटला ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. त्यातला वेळ श्वासाला आणि नेमाला हवा, भरण्यात तो जाऊ नये.

घाई केली की छर्रा वाकडा बसतो किंवा त्याची मागची पातळ कड दबते, आणि गट फुटतो, म्हणजे छर्रे टार्गेटवर जवळजवळ न लागता विखुरतात. चपटं तोंड पुढे, पोकळ बाजू मागे. छर्र्यांची डबी रोज एकाच जागी, भरणाऱ्या हाताजवळ ठेवा. भरताना पाय हलवू नका. डावखुऱ्या मुलांनी आधी सांगावं, त्यांचा हातांचा क्रम आम्ही वेगळा बसवून देतो. उजव्या हाताची रायफल मिळाली म्हणून त्यांनी खांदा बदलण्याची गरज नाही.

एनसीसीच्या मुलांना कॅम्पमध्ये पॉइंट टू टू (.२२) रायफल मिळते. ती बोल्टची, म्हणजे हाताने मागे-पुढे ओढायच्या दांड्याची, आणि खऱ्या काडतुसाची. ती आमच्याकडे नाही आणि परवान्याशिवाय कोणाकडे असूही शकत नाही. तिथे उस्तादांचा, म्हणजे कॅम्पच्या प्रशिक्षकांचा हुकूम आल्याशिवाय काडतुसाला हात लावायचा नाही. मात्र इथली उघडून बघायची सवय तिथेही लागते. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, पण ती घेऊन वावरात मोरा-हरणांमागे गेलात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा होतो. तसं कोणी करताना कळलं तर त्याचा सराव आम्ही बंद करतो.

छर्रे शिशाचे असतात, म्हणून जेवणाचा डबा उघडण्याआधी साबणाने हात धुवा. येताना सपाट तळाचे बूट घाला. अठरा वर्षांखालच्यांनी पालकांच्या सहीचं संमतीपत्र आणावं, आणि पहिल्या रविवारी आई किंवा वडिलांनी सोबत बसावं.