ॲसिडिटीच्या गोळीची राखण जठरापुरतीच

ऊसतोडीनं कंबर धरली, शिरोलीच्या फाउंड्रीत खांदा भरून आला, की मेडिकलमध्ये जाऊन 'एक अंगदुखीची द्या' म्हणायचं, ही कोल्हापूरकडची जुनी सवय. थोडा जाणता माणूस सोबत ॲसिडिटीचीही मागून घेतो आणि निर्धास्त होतो. पुढे पोट बिघडलंच, तर दोष तांबड्या रश्श्याला. तिखटानं जळजळ होते हे खरं, पण अल्सर, म्हणजे अस्तराला पडणारी जखम, रश्श्यानं होत नाही. गोळीनं होऊ शकतो.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन ही औषधं शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं कमी करतात. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 साली हे दाखवून दिलं; 1982 च्या नोबेल पुरस्कारात या कामाचा वाटा होता. प्रोस्टाग्लँडिनमुळे सूज आणि वेदना वाढतात, पण पोटाच्या आतल्या अस्तरावरचा चिकट थर आणि तिथला रक्तपुरवठाही तीच टिकवून धरतात. दुखणं थांबतं, तसा हा गिलावाही पातळ होतो.

जठरात आम्ल असतं. म्हणून पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल हे ॲसिडिटीचं औषध तिथे खरंच कामी येतं, जठर आणि त्याला लागून असलेला आतड्याचा सुरुवातीचा भाग सांभाळतं. पण त्यापुढे कित्येक फूट लहान आतडं पडलेलं असतं आणि तिथल्या इजेचं कारण आम्ल नाही. डायक्लोफेनॅकसारखं औषध यकृतातून पित्तावाटे पुन्हा आतड्यात उतरतं. तिथले जिवाणू त्याला यकृतानं जोडलेला भाग तोडतात, औषध मोकळं होतं, परत शोषलं जातं, परत उतरतं. एकच गोळी अस्तराला पुन्हा पुन्हा भिडते.

दुर्बिणीची नेहमीची नळी इतक्या आत पोहोचत नसल्यानं हे बराच काळ नजरेआड राहिलं. गिळायचा कॅमेरा आला आणि चित्र स्पष्ट झालं. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट लोकांना दोन आठवडे नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक दिलं, सोबत ओमेप्राझोलही दिलं. तरीही 55 टक्के लोकांच्या लहान आतड्यात अस्तर फाटल्याच्या खुणा दिसल्या. नुसती औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 7 टक्के होतं. ॲसिडिटीच्या औषधानं आतड्यातल्या जिवाणूंचा तोल बिघडून इजा वाढते, असं उंदरांवरच्या प्रयोगांत आढळलं आहे. तरीही जठरासाठी दिलेली गोळी सोडायची नाही. पण 'ही घेतली, आता कितीही दिवस चालतंय' हा समज मला फार धोक्याचा वाटतो.

खरा बचाव वेदनाशामकच कमी घेण्यात आहे: लागेल तेवढीच मात्रा आणि तीही थोडेच दिवस. साध्या दुखण्याला ठरलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल पुरतं का ते आधी बघावं. गुडघा दुखत असेल तर वरून लावायच्या जेलवर बऱ्याच जणांचं भागतं. पाकिटावरची नावं वाचा. ब्रँड वेगळे असले तरी दोन्हींत डायक्लोफेनॅक किंवा त्याचाच भाऊबंद ॲसिक्लोफेनॅक निघू शकतो, आणि अशा दोन गोळ्यांनी आराम दुप्पट होत नाही, जोखीम वाढते. साठी ओलांडलेल्यांनी, स्टिरॉइड किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामक घेऊच नये.

आतड्यातला रक्तस्राव बहुतेक वेळा दुखत नाही. थकवा, धाप, हळूहळू उतरणारं हिमोग्लोबिन एवढंच कळतं, आणि घरचे म्हणतात, वयच झालंय. नेहमी गोळ्या घेणाऱ्यानं हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. शौच डांबरासारखी काळी, चिकट झाली तर वाट न बघता दवाखाना गाठावा.

हृदयासाठी सुरू असलेली ॲस्पिरिन मात्र पोटाच्या भीतीनं परस्पर बंद करू नका. स्टेंट बसवलेला असेल तर त्यात गुठळी होऊन जीवावर बेतू शकतं. डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, अंगदुखीची सुद्धा. ती औषधात धरायची असते हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही.